मलाक्काचे गुरुजी

अकोल्याहून आमच्याकडे येणाऱ्या एसटीत बसलात तर एका ठिकाणी कंडक्टर आवाज देतो, "चला, मलाक्कावाले." उतरणाऱ्याला विचारा मलाक्का म्हणजे काय, तो सांगेल, रेल्वेचा बोगदा. सरकारी पाटीवर दुसरंच नाव आहे, ते कोणी वाचत नाही. मलाक्का हे नाव ज्यांनी ठेवलं ते गुरुजी आता नाहीत, आणि कंडक्टर पोट्टा नवीन आहे, त्याला वाटतं जुन्या काळी इथं मलाक्का नावाचं गाव असेल.

शिकलेल्या माणसानं लिहिलं असतं तर त्यानं गुरुजींना एक तर येडं ठरवलं असतं, नाही तर संत. ते दोन्ही नव्हते. ते माझे घरमालक होते. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी अर्धीच झाली, पण जे डोळ्यानं पाहिलं ते मला कोणाला विचारून लिहायची गरज नाही.

आधी पाण्याचं सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. आमचा भाग खारपाणपट्टा. जमिनीत पाणी भरपूर, पण खारं. त्या पाण्याच्या चहात दूध घातलं की नासतं, डाळ शिजता शिजत नाही आणि जन्मभर प्यालं की किडन्या जातात. नळाची योजना आहे, म्हणजे नळ आहेत. म्हणून मी पाणी गोड करायचा फिल्टर प्लांट टाकला आणि छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोवर थंड पाण्याचे जार लादून गावोगाव देऊ लागलो. प्लांटसाठी शेड लागत होतं, ते गुरुजींच्या प्लॉटवर मिळालं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. बायको आधीच गेलेली, मुलगा अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लास चालवतो. प्लॉटच्या मधोमध गुरुजींचं घर, दोन बाजूंना दोन शेडं.

गुरुजींना समुद्राचं वेड होतं. समुद्र म्हणजे लाटा, वाळू वगैरे नाही. समुद्रावरून कोणाचं जहाज कुठून कुठं जातं, ते कोण अडवू शकतं आणि अडवू शकतो हे दाखवायला कोणी कुठं लढाऊ जहाज उभं केलं, याचं. चीननं लंकेत बंदर बांधलं त्याचा राग त्यांना स्वतःच्या बांधावर कोणी नांगर घातल्यासारखा यायचा. अमेरिकेचं बोलताना ते आवाज खाली घ्यायचे, म्हाताऱ्या पाटलाबद्दल बोलावं तसं. "थकला हाय," म्हणायचे, "पण अजून वाड्याची किल्ली त्याच्याच कमरेले हाय." आणि आपल्या देशाबद्दल बोलताना उभे राहायचे.

माझा छोटा हत्ती निळा रंगवला तेव्हा उरलेला रंग त्यांनी मागून घेतला आणि कंपाउंडच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढला. रंग सगळा समुद्राला लावला. जमीन तशीच सिमेंटची कोरी ठेवली. मी विचारलं, गुरुजी, देश कुठी हायेत. म्हणाले, देश काय, ते आपापल्या जागी बसून राहतात, हलते थे पाहायचं असते. त्या भिंतीला येता-जाता म्हशी अंग घासत. पहिल्याच उन्हाळ्यात आफ्रिकेच्या खालचा समुद्र पुसला गेला. तेव्हा बातम्यांत येत होतं की लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होत आहेत म्हणून मोठी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. गुरुजींनी म्हशीच्या मालकाला बोलावून समज दिली की अशा वक्ती, नेमका हाच रस्ता बंद करणं बरोबर नाही. मालक हात जोडून गेला. घरी जाऊन काय सांगितलं असेल देव जाणे.

दुसरी त्यांची सवय म्हणजे, काहीही घडलं की बोट वर करून म्हणायचं, "हेच त सांगून राहिलो होतो मी." तुरीचा भाव पडला, हेच त. पोस्टातला बाबू बदलून गेला, हेच त. आधी त्यांनी सांगितलेलं कोणालाच आठवत नसे. मी एकदा स्पष्ट म्हटलं, गुरुजी, तुमी कधी सांगतलं होतं. ते म्हणाले, तुमचं ध्यान नसन.

मुलानं एकदा त्यांना मुंबईला नेऊन समुद्र दाखवून आणला. आम्हाला वाटलं आता महिनाभर दुसरा विषय नाही. आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "पाणी हाय. आपल्या बोरच्यासारखंच खारं हाय. रस्ता कुठी दिसला नाई." पुन्हा कधी नाव काढलं नाही. नकाशावरचाच बरा होता.

आता माझ्या साडभाऊचं. माझ्या बायकोची थोरली बहीण बार्शीटाकळीला दिलेली, तिचा नवरा. नात्यानं तो मोठा, धंद्यानं मी मोठा, कारण तो माझ्या गाडीवर ड्रायव्हर होता. ही वाटणी चुकीची आहे हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. लग्नकार्यात मी त्याच्या पाया पडायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशिरा आल्याबद्दल बोलायचो. एक दिवस पाहतो तर गाडीच्या मागं, जिथं माझा मोबाईल नंबर, त्याच्या खाली त्याचा नंबर रंगवलेला. माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. मी म्हटलं पुसा. तो म्हणाला पुसत नाही. पंधरवड्यात त्यानं स्वतःचा प्लांट टाकला. आणि शेड कुणाचं घेतलं, तर गुरुजींचंच, दुसऱ्या बाजूचं.

मी तसाच गुरुजींच्या अंगणात गेलो. ते खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, काहून दिलं त्यांना. गुरुजींनी चष्मा काढला.

"बंदर सगळ्यांसाठी खुलं असते. मी तटस्थ हाय."

आणि हे ते नुसतं म्हणायचे नाहीत, पाळायचे. दोन्ही बाजूंना गोड पाण्याचे दोन प्लांट, मधे घरमालक, आणि घरमालक पीत होता बोरचं खारं पाणी. एकाचं पाणी प्यालं तर दुसऱ्याला वाटणार मालक तिकडचा झाला. माझ्या शेडमध्ये रोज संध्याकाळी येऊन बसायचे, मग तेवढाच वेळ समोरच्या शेडमध्ये, घड्याळ लावून. पण चहा ना इथं ना तिथं. स्वतःच्या थर्मासात स्वतःच्या पाण्याचा बिनदुधाचा चहा आणायचे. मला एकदा त्यांनी त्यातला घोटभर दिला होता. तो मी प्यालो, कारण मी दिलेलं परत करत नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं, पाणी बदला गुरुजी, किडनी साथ देणार नाही. माझी बायको जार घेऊन गेली, तर हात जोडून परत पाठवली. तिकडून तिची बहीण गेली, तिलाही परत. दोघी बहिणी त्यांच्या दारात एकमेकींना भेटल्या आणि रडल्या, असं मला नंतर कळलं. माझं आणि साडभाऊचं बोलणं बंद होतं म्हणून त्या दोघींचंही बंद होतं, वरवर.

मला गुरुजींनी माझं पाणी प्यावं असं फार वाटायचं. खोटं काय बोलायचं. गावोगावचे लोक पितात, लहान लेकरं पितात, आणि ज्याच्या जागेवर मी पाणी गोड करतो तो माणूस ते तोंडाला लावत नाही. त्याहून जास्त हे वाटायचं की त्यानं साडभाऊचं पिऊ नये.

धंदा वाढला तशी चुरस वाढली. मी गाडीवर भजनाचा भोंगा लावला, त्यानं सिनेमाच्या गाण्यांचा लावला. माझी गाडी निळी, जार निळे. त्यानं सगळं हिरवं केलं. मी एक झेंडा लावला, त्यानं दोन लावले, एक पुढं एक मागं. पण खरं भांडण बोगद्याचं होतं. अलीकडची दोन-चार गावं सोडली तर सगळं गिऱ्हाईक रेल्वेच्या पलीकडे, आणि पलीकडे जायला एकच वाट, पुलाखालचा तो बोगदा. सकाळी जो आधी पार झाला त्याचे जार आधी उतरणार. दुसऱ्याला भरलेले रांजण पाहून परत यावं लागणार. गुरुजींनीच पहिल्यांदा त्याला मलाक्का म्हटलं. भिंतीवर हात ठेवून मला दाखवलं, ही मलाक्काची सामुद्रधुनी, ही चिंचोळी जागा, इथून अर्ध्या जगाचा माल जातो, चीन झोपेत पण हिचंच स्वप्न पाहतो.

मग त्यांनी मला तो सल्ला दिला. म्हणाले, नौदल लढायसाठी नसतेच. दिसायसाठी असते. काही करू नका, कोणाले काही बोलू नका, निस्ती गाडी बोगद्याच्या तोंडाशी उभी दिसली पाहिजे, रोज. समोरचा समजून जाते.

आणि उठता उठता आणखी एक बोलले. "पण भाऊ, नजर निस्ती एकमेकायवर नका ठेवू. मागून तिसरा कोण येऊन राहिला, थे बी पाहा."

मला वाटलं साडभाऊच्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलत असतील. त्यालाही गाडी घ्यायची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी बोगद्याच्या तोंडाशी उभी करू लागलो. त्याच दिवसापासून साडभाऊची गाडीही उभी दिसू लागली. मला आश्चर्य वाटलं की या माणसाला एवढी अक्कल आली कुठून. हा तटस्थपणाचा भाग होता, माझ्या शेडमधला सल्ला घड्याळ लावून समोरच्याही शेडमध्ये दिला जात होता, हे मला नातीच्या लग्नापर्यंत कळलं नाही.

माझी लेक पलीकडच्या गावात दिलेली. तिच्या मुलीचं लग्न तिथंच होतं. लग्नात पाणी कोणाचं, हा काही लहान प्रश्न नाही. पाण्याचा धंदा करणाऱ्या आजोबाच्या नातीच्या मांडवात दुसऱ्याचा जार दिसला तर त्या आजोबानं गावात फिरू नये. मी लेकीला विचारलं, ती म्हणाली, बाबा, हे काय विचारणं झालं, तुमचंच. मी समाधानानं घरी आलो. पण लेक दोन वर्षं बार्शीटाकळीला शाळेत होती, मोठीआईच्या, म्हणजे साडभाऊच्याच घरी राहून, मोठीआईच्या हातचं खाऊन. त्यामुळे साडभाऊनं विचारलं तेव्हा त्यालाही ती तेच म्हणाली. पोरगी वाईट नाही. तिला वाटलं पाणीच तर आहे, दोघांचंही खपेल.

लग्नाच्या सकाळी मी गाडी स्वतः काढली. ड्रायव्हरवर असली कामं सोडायची नसतात. जार धुऊन घेतले होते, झेंड्याला हार घातला होता. बोगद्याजवळ आलो तर डाव्या हाताला हिरवी गाडी, स्टेअरिंगवर साडभाऊ स्वतः, गळ्यात हार त्याच्या गाडीच्याही. त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. दोघांनीही वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. बोगद्यात एकाच वेळी दोन छोटे हत्ती जात नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, रोजचा रस्ता. पण तेव्हा आमच्या दोन्ही गाड्या आत गेल्या, आणि बरोबर मधे जाऊन आरशाला आरसा अडकून बसल्या. पलीकडच्या बाजूला भिंत. दारं उघडेनात. त्याच्या खिडकीतून माझी खिडकी, मधे वीतभर हवा. आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसलो होतो, आणि दोन वर्षांपासून आमचं बोलणं बंद होतं.

मागं नवरदेवाची बस येऊन थांबली. तिचा हॉर्न बोगद्यात घुमू लागला.

शेवटी साडभाऊ समोर काचेकडे पाहत बोलला. "गाडी मागं घ्या, भाऊ."

"तुमी घ्या, साडभाऊ. तुमी मोठे."

"मोठा हाओ म्हणूनच सांगून राहिलो."

"मोठ्यानं आधी करून दाखवाव."

इतकंच. पुन्हा हॉर्न.

गुरुजी लग्नाला लुनावर आले होते, बसच्या मागं. ते लुना टाकून रुळांवर चढून पलीकडे उतरले आणि आमच्या गाड्यांच्या समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं रागावतील. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता जसा ते मुंबईचा समुद्र पाहून आल्यावर फुलेल असं मला वाटलं होतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते कितीतरी वेळ आम्हाला नुसते पाहत राहिले. मागून नवरदेवाचा बाप आला, घामाघूम, मुहूर्ताचं काहीतरी म्हणत. त्याला गुरुजींनी हातानं थांबवलं आणि समजावलं की असं दृश्य रोज दिसत नाही, मोठमोठ्या देशांना हे टाळता आलं नाही. तेव्हाच त्यांच्या तोंडून निघून गेलं की दोघांनाही मीच सांगितलं होतं, उभं राहा, दिसा. मी साडभाऊकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्या एका क्षणी आमचं एकमत झालं असतं, पण दारं उघडत नव्हती.

मग गुरुजींनी तह काढला. कोणी एकानं मागं घ्यायची नाही. दोघांनी एकदम घ्यायची, म्हणजे कोणाची बेइज्जत नाही. मी तीन मोजतो. त्यांनी मोजलं. दोन्ही इंजिनं गरजली आणि दोन्ही गाड्या जागच्या जागी राहिल्या. मी ठरवलं होतं, आधी त्याची हलू दे. त्यानंही तेच ठरवलं असेल. पुन्हा मोजलं. पुन्हा धूर झाला, आणखी काही नाही.

मांडवातून माझी बायको आणि तिची बहीण आल्या, रूळ ओलांडून, पदर खोचून. आमच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. दोघींनी मागं जाऊन गाड्यांचे फळके पाडले आणि बसमधल्या पाहुण्यांना म्हणाल्या, उचला जी, लग्न लागायचं हाय. सफारी घातलेले लोक निळे हिरवे जार खांद्यावर घेऊन रुळांवरून चालू लागले. आम्ही दोघं आरशात आपापला माल जाताना पाहत होतो. गाड्या रिकाम्या झाल्यावर उरलेल्या पोट्ट्यांनी दोन्ही गाड्या एकदम मागं ओढून काढल्या. एकदम, हे लक्षात घ्या. म्हणजे मी मागं घेतली असं आजही कोणाला म्हणता येत नाही.

मांडवात पोचलो तर बायकांनी सगळे जार एका मोठ्या पत्र्याच्या कोठीत ओतून टाकले होते. गुरुजी कोठीजवळ उभे होते, हातात ग्लास, रिकामा. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, हे कोणाचं पाणी.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता थे कोणाचंच नाई राह्यलं."

गुरुजींनी विचार केला. नियम आठवून पाहत असतील, त्यात हे बसतं का. मग त्यांनी ग्लास भरून घेतला आणि प्याले. पुन्हा भरला. तिकडे मंगलाष्टकं चालू झाली होती, अक्षता पडत होत्या, आणि हा माणूस कोठीपासून हलेना. शेवटी मिशा पुसून म्हणाले, "गोड असते होय हे." इतक्या वर्षांत आपल्या प्लॉटवर काय तयार होतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

त्या दिवसानंतर ते पाणी प्यायला तयार झाले, पण मिसळलेलंच. अर्धा जार माझा, अर्धा साडभाऊचा. आम्ही कबूल झालो, बायकांनी दुसरा मार्गच ठेवला नव्हता. मग वाद निघाला, जारात आधी कोणी ओतायचं. गुरुजींनी ठरवून दिलं, एक दिवस आधी मी, एक दिवस आधी तो. रोज सकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर भेटायचो, ओतायचो, काही न बोलता परत जायचो. बाकी धंद्यात चुरस तशीच. भोंगे तसेच. पण ओट्यावर आम्ही नेमानं जात होतो, आणि गुरुजींचा चहा आता दुधाचा झाला होता.

उशीर मात्र व्हायचा तो झालाच होता. खाऱ्या पाण्यानं आपलं काम आधीच केलं होतं. गुरुजींच्या पायाला सूज आली, मग तोंडाला. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना राजापेठेत घेऊन गेला. बायको म्हणाली, तिथं ते पाणी कोणतं पिणार. मी म्हटलं, जातो, आणि मुलाला तसा फोन केला. समोरच्या शेडमध्येही असंच काही बोलणं झालं असणार. कारण मी अर्धा भरलेला जार घेऊन अमरावतीचा रस्ता धरला, तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत आरशात हिरवी गाडी दिसत होती आणि मूर्तिजापूरच्या पुढं ती माझ्या पुढं होती.

मुलाचं घर क्लासच्या वर. खालून एक जिना, एका माणसापुरता, लोखंडी. मी खांद्यावर अर्धा जार घेऊन पायरीपाशी आलो, साडभाऊ दुसऱ्या बाजूनं आला, खांद्यावर अर्धा जार. वार कोणाचा होता हे दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनाही वेगवेगळं आठवत होतं. मी म्हटलं आज आधी मी. तो म्हणाला काल तुमीच होते. क्लास सुटला. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं-पोरी जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे तुंबली. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. कोणीतरी म्हणालं, काका, सरका न जी. आम्ही सरकलो नाही. शेवटी एका मुलीनं दोघांनाही ढकलत वर नेलं. आम्ही वर एकदमच पोचलो, हेही लक्षात घ्या.

गुरुजी पलंगावर टेकून बसले होते. निम्मे झाले होते. मुलगा शेजारी बसला होता आणि त्याच्या हातात दुकानात मिळते तसली कंपनीची बाटली, नुकतीच उघडलेली. त्यानं झाकणात पाणी ओतून बापाच्या ओठाला लावलं होतं. आमच्याकडे पाहून तो हळू आवाजात म्हणाला, काका, बसा. पण पाणी आता नका देऊ. डॉक्टरांनी मोजून ठेवलं आहे, आजचं एवढंच होतं, तुमची वाट पाहून पाहून आत्ताच दिलं.

गुरुजींनी ते झाकणभर पाणी गिळलं. मग माझ्या खांद्यावरचा जार पाहिला, साडभाऊच्या खांद्यावरचा पाहिला, आणि मुलाच्या हातातली बाटली पाहिली. बोट वर करायला त्यांना वेळ लागला.

"हेच त," म्हणाले, "सांगून राहिलो होतो मी."

आयुष्यात एवढ्या वेळा म्हटलं, पण ही एकच वेळ अशी होती की त्यांनी खरंच आधी सांगितलं होतं. मागून येणाऱ्या तिसऱ्याचं मला सांगितलं होतं, आणि घड्याळ लावून साडभाऊलाही सांगितलं असणार. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

बरंच बसलो. गुरुजींना झोप लागली. मग आम्ही दोघांनी आपापला जार उचलला आणि दाराशी आलो. उतरायला जिना तोच होता.